केर, भंगार आणि कचरा : टाकाऊ वस्तूंच्या विलगीकरणाचा विचार

१. प्रास्ताविक

घरातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी आज मराठीत एकच शब्द सर्रास वापरला जातो : कचरा. भाजीची देठे, वाचून झालेली वर्तमानपत्रे, दुधाच्या रिकाम्या पिशव्या, फुटलेला पेला, संपलेला सेल, देवघरातील निर्माल्य आणि ताटात उरलेला भात या सर्व वस्तू या एका शब्दात सामावतात आणि बहुतेक घरांत त्या एकाच डब्यातही सामावतात. शब्दातील हे एकत्रीकरण आणि डब्यातील एकत्रीकरण यांचा परस्परांशी निकटचा संबंध आहे. ज्या वस्तूंना स्वतंत्र नाव उरत नाही, त्यांना स्वतंत्र जागाही उरत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या वार्षिक अहवालानुसार भारतातील नागरी भागांत दररोज सुमारे १ लाख ६० हजार टन घनकचरा निर्माण होत होता आणि त्यातील साधारण निम्म्यावरच प्रक्रिया होत होती. या प्रश्नावर जे उपाय सुचविले जातात ते तीन पदांत मांडण्याची प्रथा आहे : वापर घटविणे, पुनर्वापर आणि पुनर्चक्रीकरण. शालेय पाठ्यपुस्तकांपासून शासकीय जाहिरातींपर्यंत हे त्रिसूत्र सर्वत्र आढळते. तथापि या तिन्ही उपायांच्या आधी एक कृती यावी लागते आणि तिचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. ती कृती म्हणजे विलगीकरण, अर्थात वस्तू एकमेकींत मिसळू न देणे. कोणतीही वस्तू कचरा म्हणून जन्माला येत नाही. ती इतर वस्तूंत मिसळली गेली की कचरा होते. हे मिश्रण कोण करते आणि ते पुन्हा सोडविण्याचे श्रम कोणाच्या वाट्याला येतात, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय. मराठी समाजाचा या संदर्भातील भाषिक व्यवहार, त्याची सामाजिक बाजू, टाकाऊ पदार्थांमागील विज्ञान आणि पुणे शहरातील कचरावेचकांचा अनुभव यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येतो.

२. शब्दांतून दिसणारी विल्हेवाट

जुन्या मराठी घरातील टाकाऊ वस्तूंची नावे पाहिली असता त्यांची संख्या व नेमकेपणा लक्ष वेधून घेतो. केर, पाचोळा, राख, चोथा, कोंडा, भुसा, चुणी, पेंड, फोलपटे, टरफले, चिपाड, सोडण, करवंटी, चिंधी, जुनेर, रद्दी, मोड, भंगार, उष्टे, खरकटे, निर्माल्य ही यादी आणखी वाढविता येईल. यांतील बहुतेक शब्द वस्तूचे वर्णन करता करता तिचे पुढचे ठिकाणही सांगतात. डाळ करताना निघणारी चुणी आणि तेल गाळल्यावर उरणारी पेंड गुरांपुढे जाते. उसाचे चिपाड गुऱ्हाळाच्या चुलाण्यात जळते. नारळाच्या सोडणाचा काथ्या होतो आणि शेंडी भांडी घासण्याच्या कामी येते. चुलीतील राख भांड्यांना लागते, साठवणीच्या कडधान्याला लागते आणि शेवटी शेतात जाते. अशा पदार्थांना टाकाऊ म्हणणे हे त्या व्यवहाराच्या दृष्टीने चुकीचेच ठरले असते.

कापडाचे उदाहरण विशेष बोलके आहे. नऊवारी लुगडे मध्यभागी विरले की विरलेला भाग कापून दोन्ही धड टोके जोडली जात. यास दंड घालणे असे म्हणत. दंड घातलेले लुगडेही जीर्ण झाले की त्याचे धडपे होत. मऊ पडलेल्या धडप्यांतून तान्ह्या बाळाची दुपटी निघत आणि उरलेल्या कापडाचे थर एकावर एक रचून धावदोऱ्याने गोधडी किंवा वाकळ शिवली जाई. गोधडीही फाटली की तिचे पायपुसणे आणि अखेर चुलीजवळचे पोतेरे होई. एका वस्त्राच्या आयुष्यात अशा पाच-सहा अवस्था असत आणि प्रत्येक अवस्थेला नाव असे. घरात ज्याचा उपयोग उरत नसे ते जुनेर बोहारणीकडे जाई व त्याच्या बदल्यात भांडे येई. तांब्या-पितळेच्या भांड्यांना वेळोवेळी कल्हई केली जाई. ती निकामी झाली की मोड म्हणून वजनावर कासाराकडे दिली जात. ‘मोडीत काढणे’ हा आज लाक्षणिक अर्थाने रूढ असलेला वाक्प्रयोग या व्यवहारातून आलेला आहे. मोडीत काढलेली वस्तू नाहीशी होत नसे, तिचे नवे भांडे होत असे, हा त्यातील मूळ भाग मात्र विस्मरणात गेला आहे.

या साऱ्याच्या शेवटी उकिरडा होता. शेण, केर, राख आणि पालापाचोळा यांचा तेथे वर्षभर साठा होई आणि पावसाळ्यापूर्वी त्याचे खत शेतात पडे. बारा वर्षांनी का होईना उकिरड्याचीही दैना फिटते, अशा आशयाची म्हण मराठीत आहे. तिचा रोख माणसाच्या नशिबाकडे असला तरी तिच्यामागील निरीक्षण शेतकऱ्याचे आहे. उकिरड्यावर पडलेली वस्तू कालांतराने मोलाची होते, हा अनुभव त्या म्हणीत गृहीत धरलेला आहे. उकिरड्यावर काय जाते आणि काय जात नाही हे घरातील प्रत्येकाला ठाऊक होते, म्हणूनच त्याचे खत होऊ शके. काचेचा तुकडा किंवा पत्रा त्यात गेला तर तो उद्या आपल्याच पायात भरणार, ही जाणीव विलगीकरणास पुरेशी होती.

३. जुन्या व्यवस्थेची दुसरी बाजू

वरील वर्णनावरून पूर्वीच्या समाजात कचरा नव्हताच, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पर्यावरणविषयक लेखनात तो वारंवार काढलाही जातो. हा निष्कर्ष अर्धसत्य आहे. जे पदार्थ घराला, शेताला आणि गोठ्याला उपयोगी होते त्यांची व्यवस्था घर, शेत आणि गोठा करीत असे. ज्यांना स्पर्श करणे अशुद्ध मानले जाई, त्यांची विल्हेवाट मात्र जन्माने ठरलेल्या माणसांवर सोपविली होती. मेलेली जनावरे ओढून नेणे हे गावगाड्यात महारांच्या वाट्याचे काम होते. मैला व घाण उचलण्याची कामेही विशिष्ट जातींना चिकटविलेली होती. ‘उष्टे’ आणि ‘खरकटे’ हे शब्द घरातील मंडळींना शुद्धाशुद्धतेचा नियम सांगत, तर गावकुसाबाहेरील माणसाला ते त्याच्या पोटात काय पडणार हे सांगत. शिळ्या भाकरीचे तुकडे हा त्याच्या कामाचा मोबदला होता.

ज्याला वरच्या बाजूने पाहता पुनर्वापर म्हणता येते, ते खालच्या बाजूने पाहता अप्रतिष्ठा असू शकते. मार्च १९२७ मधील महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस आणि शिळ्या-उष्ट्या तुकड्यांचा त्याग करण्याचे आवाहन केले, त्याचे महत्त्व या संदर्भातही ध्यानात घेतले पाहिजे. टाकलेल्या वस्तूंवर जगण्याची सक्ती नाकारणे हा त्या आवाहनाचा गाभा होता. काहीही वाया न जाऊ देणारी व्यवस्था न्याय्य असतेच असे नाही. ती कोणाच्या श्रमावर आणि कोणत्या अटींवर उभी आहे, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. आजच्या पुनर्चक्रीकरणालाही ही कसोटी तितकीच लागू पडते.

४. मिश्रणातून कचरा

शहरांची वाढ झाली, गोठा आणि परसू गेले, चुलीच्या जागी गॅस आला आणि वेष्टनात बंद वस्तूंचा वापर वाढला. परिणामी घरातून बाहेर पडणाऱ्या वस्तूंची पूर्वीची ठिकाणे नाहीशी झाली आणि त्या सर्व एका डब्यात येऊ लागल्या. या मिश्रणाने नेमके काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

भारतीय शहरांतील घरगुती कचऱ्यात साधारणपणे निम्मा भाग स्वयंपाकघरातील ओल्या, कुजणाऱ्या पदार्थांचा असतो. हे पदार्थ हवेच्या सान्निध्यात कुजले तर त्यांतून मुख्यतः कर्बवायू, पाणी व उष्णता बाहेर पडते आणि खत उरते. स्वयंपाकघरातील ओल्या पदार्थांत नत्राचे प्रमाण अधिक असते, तर वाळलेल्या पानांत कर्बाचे. एक भाग नत्रास सुमारे तीस भाग कर्ब असे प्रमाण साधले, पिळलेल्या फडक्याइतका ओलावा राखला आणि ढीग अधूनमधून खालीवर केला की दोन-तीन महिन्यांत मातीच्या वासाचे खत तयार होते. दुर्गंधी येऊ लागली तर ओलावा जास्त झाला आहे आणि मुंग्या झाल्या तर तो कमी पडला आहे, एवढे ओळखता आले तरी गच्चीवरील कुंडीत किंवा सोसायटीच्या आवारातील खड्ड्यात हे काम होऊ शकते.

हेच पदार्थ गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून कचराभूमीवर गेले की चित्र पालटते. ढिगाच्या दाबाखाली हवा पोचत नाही. हवेवाचून वाढणारे जीवाणू त्या पदार्थांपासून मिथेन वायू तयार करतात. हा वायू ज्वलनशील आहे आणि पृथ्वीचे तापमान वाढविण्याच्या बाबतीत कर्बवायूहून कित्येक पटींनी प्रभावी आहे. ढिगातून झिरपणारे काळे पाणी वाटेतील सेल, रंग व औषधे यांतील विषारी द्रव्ये घेऊन भूजलात उतरते. दुसऱ्या बाजूने, कोरडे असताना ज्याला किंमत होती असा कागद भाजीच्या रश्श्याने भिजला की कागद गिरणीच्या दृष्टीने निरुपयोगी होतो. फुटकी काच ओल्या कचऱ्यात दडते आणि तो उपसणाऱ्याचा हात कापते. दोन्ही प्रकारचे पदार्थ आपापल्या परीने उपयुक्त होते. एकत्र येताच दोन्ही निकामी झाले आणि शिवाय धोकादायकही झाले.

या मिश्रणाचे डोंगर देशातील मोठ्या शहरांच्या कडेला उभे आहेत. मुंबईतील देवनार येथे १९२७ पासून कचरा टाकला जाऊ लागला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर अनेक दिवस शहरावर पसरला होता. दिल्लीतील गाझीपूर येथील कचऱ्याच्या डोंगराचा एक भाग १ सप्टेंबर २०१७ रोजी कोसळून दोन जणांचा मृत्यू झाला. पुण्याचा कचरा कोथरूडनंतर उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला जाऊ लागला आणि विहिरींचे पाणी बिघडल्याने तेथील ग्रामस्थांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. शहर स्वच्छ दिसावे म्हणून गावाने घाण सोसावी, ही जुन्या गावगाड्याची रीत येथे भूगोलाच्या रूपाने पुन्हा दिसते.

५. पुनर्चक्रीकरणाची शक्ती आणि मर्यादा

वेगळ्या ठेवलेल्या सुक्या वस्तू भंगाराच्या व्यापारात येतात. वेचक किंवा फेरीवाला, गल्लीतील भंगाराचे दुकान, विशिष्ट मालाचा घाऊक व्यापारी आणि प्रक्रिया करणारा कारखाना अशी ही साखळी असते. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर माल अधिक बारकाईने वेगळा केला जातो आणि त्याची किंमत वाढते. मुंबईतील धारावीच्या ‘तेरा कंपाउंड’ भागात प्लॅस्टिकच्या वस्तू जातीनुसार आणि रंगानुसार निवडल्या जातात. मग त्यांचे तुकडे करून, धुऊन, वाळवून आणि वितळवून त्यांचे दाणे बनविले जातात. वस्तू वाकवून, आपटून तिचा आवाज ऐकून किंवा जाळून तिचा वास घेऊन प्लॅस्टिकची जात ओळखणारे कुशल कामगार तेथे आहेत. या व्यवसायात विलगीकरण हेच मुख्य कौशल्य आणि मूल्याचा मुख्य स्रोत आहे.

मात्र सर्व पदार्थ सारख्याच प्रमाणात पुन्हा वापरात येत नाहीत. धातू व काच पुनःपुन्हा वितळविता येतात आणि त्यांच्या गुणवत्तेत विशेष घट होत नाही. खनिजापासून ॲल्युमिनियम तयार करण्यास जी ऊर्जा लागते तिच्या सुमारे पाच टक्के ऊर्जेत भंगारातून ॲल्युमिनियम मिळते. कागदाचे तसे नाही. प्रत्येक फेरीत त्याचे तंतू आखूड होतात, त्यामुळे पाच ते सात वेळांनंतर तो कागद बनण्यास अयोग्य ठरतो. पांढऱ्या कागदाचा पुठ्ठा होतो, पण पुठ्ठ्याचा पांढरा कागद सहसा होत नाही. प्लॅस्टिकच्या बाबतीत ही उतरंड अधिक तीव्र आहे. पाण्याच्या बाटलीपासून पॉलिएस्टरचा धागा निघतो आणि त्याचे कापड झाले की पुढचा मार्ग बहुधा खुंटतो. कुकरच्या मुठीचे बॅकेलाइट किंवा ताटल्यांचे मेलामाइन एकदा घट्ट झाले की ते पुन्हा वितळतच नाही.

याहून गंभीर प्रश्न आहे तो कारखान्यातच होणाऱ्या मिश्रणाचा. वेफर्सच्या पिशवीत प्लॅस्टिक व ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना घट्ट चिकटविलेले असतात. चहाच्या कागदी पेल्याला आतून प्लॅस्टिकचे पातळ अस्तर असते. आजच्या कापडात सूत व पॉलिएस्टर यांचे धागे एकत्र विणलेले असतात. गृहिणीने किंवा वेचकाने कितीही काळजी घेतली तरी हे थर घरात सुटे करता येत नाहीत. अशा वस्तू भंगारवाला घेत नाही, कारण त्यांना पुढे गिऱ्हाईक नसते. शहरातील नाल्यांत, नदीकाठी आणि रस्त्यांच्या कडेला शेवटी उरतात त्या प्रामुख्याने याच वस्तू. पुनर्चक्रीकरणाचे चिन्ह छापलेले असणे आणि वस्तू खरोखर पुन्हा वापरात येणे यांत मोठे अंतर असते. म्हणून वापर घटविणे, पुनर्वापर आणि पुनर्चक्रीकरण या त्रिसूत्रातील क्रमाला अर्थ आहे. पुनर्चक्रीकरण हा त्यातील शेवटचा पर्याय आहे, पण विक्री आणि उपभोग यांत काहीही बदल करावा लागत नसल्याने सोयीस्करपणे त्यालाच पहिले स्थान दिले जाते.

६. पुण्यातील कचरावेचकांचा अनुभव

विलगीकरणाचे श्रम कोणाच्या वाट्याला येतात, या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर पुणे शहरात घडले. रस्त्यावरील कचराकुंड्यांतून कागद, काच, पत्रा आणि प्लॅस्टिक वेचून ते भंगाराच्या दुकानात विकणाऱ्यांत तेथे स्त्रियांची संख्या मोठी होती. त्यांपैकी बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातील होत्या आणि १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली कुटुंबेही त्यांत होती. त्यांचे काम चोरट्यासारखे लेखले जाई. पोलिसांचा संशय, कुत्र्यांचे चावे, कुंडीतील काचा आणि भंगार दुकानदाराच्या वजनातील मार हा त्यांचा दैनंदिन अनुभव होता.

१९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या वस्त्यांतील मुलांना शिकवीत असता ही मुले पहाटे कचरा वेचण्यास जातात, हे त्यांच्या लक्षात आले. मुलांबरोबर आणि त्यांच्या आयांबरोबर फिरल्यानंतर एक साधी गोष्ट पुढे आली. रहिवाशांनी सुका कचरा घरातच वेगळा ठेवला आणि तो या स्त्रियांच्या हाती दिला, तर त्यांना कुंडीत उतरावे लागणार नाही, माल स्वच्छ मिळेल आणि वेळ वाचेल. काही स्त्रियांना ओळखपत्रे देऊन एका वसाहतीत हा प्रयोग सुरू झाला. लवकरच एका खाजगी व्यावसायिकाने त्याच वसाहतीतील कचरा गाडीने गोळा करण्यास प्रारंभ केला. आपली उपजीविका डोळ्यांदेखत जात असल्याचे पाहून स्त्रियांनी त्याविरुद्ध आंदोलन केले आणि त्या व्यावसायिकास माघार घ्यावी लागली. वेगळ्या केलेल्या कचऱ्याला मोल येताच त्यावर हक्क सांगणारे नवे दावेदार उभे राहतात, हा त्या प्रसंगातील धडा होता. संघटनेची गरज त्यातून स्पष्ट झाली.

हमाल पंचायतीचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराचा पाठिंबा लाभून १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. संघटनेच्या नावात आलेले तीन पदार्थ लक्षणीय आहेत. समाजाने ज्यांना एकत्रितपणे कचरा म्हटले त्यांना तेथे वेगवेगळी नावे दिलेली आहेत आणि वेचणाऱ्याला ‘कष्टकरी’ ही ओळख मिळालेली आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास पुणे महापालिकेने संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे वैद्यकीय विम्याची योजना आली, तसेच पतसंस्था आणि सभासदांचे स्वतःचे भंगार दुकान उभे राहिले. या स्त्रियांच्या श्रमामुळे महापालिकेचा वाहतुकीचा व विल्हेवाटीचा मोठा खर्च वाचतो, ही मांडणी संघटनेने आकडेवारीच्या आधारे सातत्याने केली. दया किंवा मदत मागण्यापेक्षा केलेल्या कामाची नोंद मागणे, हे त्या मांडणीचे वैशिष्ट्य होते.

यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आकाराला आली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. घरोघरी जाऊन ओला व सुका कचरा वेगवेगळा घ्यायचा, प्रत्येक घराने त्यासाठी दरमहा ठरावीक सेवाशुल्क द्यायचे, सुक्या मालाच्या विक्रीचे उत्पन्न वेचकाने ठेवायचे आणि उरलेला कचरा महापालिकेच्या गाडीत द्यायचा, अशी ही पद्धती आहे. संस्थेच्या सभासदांची संख्या तीन हजारांच्या वर गेली. कुंडीतून वेचणारी स्त्री आता दारावर येऊन सेवा देते. हा बदल उत्पन्नापुरता मर्यादित नाही. दार उघडणारी व्यक्ती आणि कचरा नेणारी व्यक्ती एकमेकींना नावाने ओळखू लागल्या की डब्यात काय टाकायचे, याचा विचार होऊ लागतो.

तरीही प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. वापरलेल्या सॅनिटरी पॅडचे उदाहरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ते ओल्या किंवा सुक्या कचऱ्यातून उघड्या हातांनी वेगळे काढण्याचे काम वेचक स्त्रियांवर येत होते. २०१३ मध्ये त्यांनी असे पॅड गोळा करून ते बनविणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठविण्याची मोहीम केली. पुढे २०१७ मध्ये असा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याचे आवाहन पुण्यात करण्यात आले. लाल ठिपक्यास फक्त काही क्षणांचे श्रम लागतात. तो काढला गेला नाही तर त्याची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी हातांना व आरोग्याला मोजावी लागते.

७. कायदा आणि जबाबदारीचा क्रम

विलगीकरणाच्या जबाबदारीचा कायदेशीर प्रवासही याच दिशेने झालेला दिसतो. सर्वोच्च न्यायालयात १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी दाखल केलेल्या जनहित याचिकेतून हा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर आला आणि २००० मध्ये नागरी घनकचऱ्याविषयीचे नियम अस्तित्वात आले. त्यांत मुख्य भार स्थानिक संस्थांवर होता. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकावर तो कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक अशा तीन प्रकारांत वेगळा करण्याचे कर्तव्य टाकले आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचा स्पष्ट निर्देश दिला. प्लॅस्टिकविषयक २०११ व २०१६ च्या नियमांतून उत्पादकांच्या जबाबदारीचे तत्त्वही पुढे आले. कारखान्यात होणारे मिश्रण घरात सोडविता येत नसल्याने या तत्त्वावाचून साखळी अपुरीच राहिली असती.

वापर घटविण्याच्या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव बोधप्रद आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या महापुरात प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेले नाले हा चर्चेचा विषय ठरला आणि २००६ मध्ये राज्याने अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा केला. त्याच कायद्याखाली मार्च २०१८ मध्ये पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या-पेले आदींवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकल्या जाणाऱ्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी लागू झाली. बंदीनंतर काही काळ कापडी पिशव्या दिसतात आणि तपासणी सैल होताच पातळ पिशव्या परत येतात, हा अनुभव अनेक शहरांचा आहे. विक्रेत्याला स्वस्त आणि ग्राहकाला फुकट वाटणाऱ्या पिशवीची खरी किंमत नाला उपसणारा कामगार व कचराभूमीशेजारचे गाव देत असते. ती किंमत वस्तूच्या मूल्यात येत नाही तोवर बंदीचे यश तात्पुरतेच राहणार.

विलगीकरण काटेकोर केल्यास काय साध्य होते, याची उदाहरणेही उपलब्ध आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले या छोट्या नगरपरिषदेने कचरा अनेक प्रकारांत वेगळा करून जुन्या कचराभूमीचे रूपांतर लोकांनी पाहायला जावे अशा उद्यानात केले. मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेल्या इंदूर शहराने घरोघरी वेगळा केलेला कचरा गोळा करण्याची शिस्त बसविली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. असा प्रकल्प चालण्यासाठी ओला कचरा निर्भेळ मिळणे ही पूर्वअट असते. यंत्रे कितीही मोठी असली तरी त्यांचे यश घरातील दोन डब्यांवर अवलंबून राहते.

८. समारोप

जुन्या मराठी घराने टाकाऊ वस्तूंना स्वतंत्र नावे दिली आणि त्यामुळे त्यांना स्वतंत्र वाटा मिळाल्या. त्याच समाजाने अशुद्ध मानलेल्या वस्तूंचे ओझे मात्र काही माणसांच्या जन्मावर लादले. आधुनिक शहराने ती नावे पुसून सर्व वस्तू एका डब्यात घातल्या, पण ओझ्याची वाटणी फारशी बदलली नाही. पुण्यातील कचरावेचक स्त्रियांच्या संघटित प्रयत्नाचे महत्त्व येथे आहे. वस्तूंचे वेगळेपण टिकविणे आणि ते टिकविणाऱ्या माणसाची प्रतिष्ठा राखणे या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात, हे त्यांनी दाखविले.

यास्तव कचऱ्याच्या प्रश्नावरील व्यवहार्य सूत्र असे मांडता येईल : ज्याने मिसळले, त्याने वेगळे करावे. घरात मिसळणाऱ्या कुटुंबाने ते घरात करावे आणि कारखान्यात मिसळणाऱ्या उत्पादकाने मुळात सुट्या होऊ शकतील अशाच वस्तू बाजारात आणाव्यात. ज्या वस्तूंबाबत यांपैकी काहीही शक्य नाही त्या शक्यतो विकतच न घेणे, हा वापर घटविण्याचा खरा अर्थ होय. दंड घातलेले लुगडे परत येणार नाही आणि येण्याची आवश्यकताही नाही. वस्तू हातातून सोडताना ती कोठे जाणार आणि कोणाच्या हाती पडणार, हे ठाऊक असण्याची सवय मात्र परत आणता येण्याजोगी आहे. भाजीची साल वेगळ्या डब्यात टाकणे आणि फुटलेली काच कागदात गुंडाळून देणे या लहान कृतींनी तिचा प्रारंभ होतो.